नर्मदा-निवाड्यातील 'विस्थापित' : एका संज्ञेचे परीक्षण

नर्मदा पाणी तंटा लवादाच्या डिसेंबर १९७९ मधील निवाड्याचे मूल्यमापन बहुधा त्यातील आकड्यांवरून केले जाते. प्रस्तुत टिपणात त्याच्या परिभाषेचा विचार करावयाचा आहे.

निवाड्याने २८० लक्ष एकर-फूट पाणी उपलब्ध मानून मध्य प्रदेशास १८२.५, गुजरातेस ९०, राजस्थानास ५ व महाराष्ट्रास २.५ लक्ष एकर-फूट असा वाटा ठरविला. १९५६ च्या आंतरराज्यीय जलविवाद अधिनियमानुसार राज्ये हेच पक्षकार असल्याने नदीवर हक्क सांगणारे इतर कोणी असू शकते, हा प्रश्नच येथे उद्भवत नाही. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावांचे भिल्ल व पावरा पाण्याच्या प्रकरणात कोठेच नाहीत. ते अवतरतात ते पुनर्वसनाच्या प्रकरणात, 'विस्थापित' म्हणून.

ह्या प्रकरणाचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. १८९४ च्या भूसंपादन कायद्याची दृष्टी मुख्यतः रोख मोबदल्यापुरती होती. निवाड्याने जमिनीऐवजी जमीन, तीही किमान २ हेक्टर व सिंचनयोग्य, हे तत्त्व मान्य केले आणि प्रत्येक सज्ञान पुत्रास स्वतंत्र कुटुंब मानले. सज्ञान कन्येचा मात्र उल्लेख नाही.

परंतु ह्या औदार्याची अट पाहावी. २५ टक्क्यांहून अधिक धारण-जमीन संपादित झाली, तरच जमीन मिळावयाची. संपादन दप्तरी नोंद असलेल्या जमिनीचेच होते. सातपुड्यात पिढ्यान्‌पिढ्या कसलेली वनजमीन दप्तरात 'अतिक्रमण' ठरते. म्हणजे ज्याची उपजीविका सर्वस्वी जंगलावर व नदीवर, त्याचाच अधिकार सर्वांत दुबळा. नदीतली मासळी, गाळपेरीची जमीन, गुरांचे पाणी ह्यांस ह्या हिशेबात रकाना नाही. पाण्याबद्दल विस्थापितास आश्वासन मिळते ते नव्या वसाहतीत दर ५० कुटुंबांमागे एका विहिरीचे. नदी गेली, विहीर आली. ही देवघेव सम आहे काय, हे विचारण्याची सोय निवाड्याच्या भाषेतच नव्हती.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जलाशयांतील मासे व इतर उत्पन्न ह्यांवरील सामूहिक हक्कास मान्यता दिली. निवाड्यात जी संज्ञा नव्हती, ती कायद्यास २७ वर्षांनी सापडली. दरम्यान मणिबेली पाण्याखाली गेले होते. पाणीवाटपाच्या अभ्यासकाने म्हणूनच वाट्यांच्या कोष्टकाआधी पक्षकाराची व्याख्या तपासावी, असे आम्हांस वाटते.