बाळाचं हृदय म्हणजे छोटं हृदय नव्हे

ठाकुर्लीच्या या व्याख्यानात आमची तक्रार एका आकृतीविषयी आहे. पुस्तकांत 'हृदयपेशी' म्हणून बहुधा प्रौढ पेशीच काढलेली असते: बाहेरून थोडं कॅल्शियम येतं, त्यानं पेशीतला साठा उघडतो, स्नायू आकुंचन पावतो. आकृती चूक नाही, अपुरी आहे. नवजात पेशीत तो साठा आणि प्रवाह आतवर नेणाऱ्या नलिका पुरत्या घडलेल्या नसतात. भिस्त बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवरच जास्त. गर्भात दिसणारा अल्पजीवी 'टी' प्रवाह हृदयाच्या खालच्या कप्प्यांत पुढे ओसरतो, दीर्घ 'एल' प्रवाह उरतो. हाच 'एल' प्रवाह अडवणारं व्हेरापामिल वर्षाच्या आतल्या बाळाला शिरेतून देणं टाळतात. रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून आम्ही एवढंच मागतो: आकृतीखाली पेशीचं वय लिहा.