माळरानाचा रंग कोणता?

भिगवणचे रोहित पक्षी आता घरोघरी पोहोचले आहेत. हिवाळ्यात इंदापूर तालुक्यातील उजनीच्या फुगवट्यावर छायाचित्रकारांची रीघ लागते. दिनदर्शिका, स्मरणिका आणि मोबाइलचे पडदे या पाणथळीच्या चित्रांनी भरून जातात. या चित्रांचे कौतुक पुष्कळ होते. चिकित्सा मात्र क्वचितच होते. ती येथे थोडी करावी, असे आम्हांस वाटते.

यांतील बहुसंख्य चित्रे एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात. आकाश जांभळे-नारिंगी, पाणी निळेशार, काठ हिरवागार आणि पक्ष्यांचा अवघा थवा गडद गुलाबी! प्रथमदर्शनी मन मोहून जाते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मोठा रोहित हा पुष्कळसा पांढरा पक्षी आहे. त्याची खरी लाली मिटलेल्या पंखांत दडलेली असते आणि तो उडाला म्हणजे प्रकटते. हा रंग त्याला खाद्यातील रंगद्रव्यांतून मिळतो. पिले करडी असतात व त्यांना रंग भरण्यास काही वर्षे जावी लागतात. म्हणजे थव्यातील करडा, पांढरा आणि गुलाबी हे भेद वस्तुतः वयाचे भेद आहेत. सायंकाळचा भास व्हावा म्हणून साऱ्या चित्रावर गुलाबी छटा चढविली, की थोर-लहान सारे एकाच वयाचे होऊन बसतात. एक कुटुंब पाहावयास गेलेल्या वाचकाच्या हाती निव्वळ नक्षी येते.

यावर कोणी म्हणेल, मग चित्राला हातच लावू नये. आम्हांस हा उपाय मान्य नाही. कॅमेऱ्यातून निघालेले तयार चित्र ‘अस्पर्श’ असते, ही समजूतच चुकीची आहे; यंत्राने त्यावर आपले संस्कार आधीच केलेले असतात. शिवाय डोळा उजळ आकाश व अंधारलेला काठ एकाच वेळी सांभाळतो, तसे यंत्राला साधत नाही. अशा वेळी ‘रॉ’ फाइलमधून सावल्या थोड्या उजळणे, भगभगीत आकाश खाली आणणे, हे डोळ्याने पाहिलेले परत मिळविणे होय. येथे संस्कार हा सत्याचा सोबती ठरतो.

या संदर्भात अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचा दाखला दिला जातो. 1941 साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावरील चंद्रोदयाचे चित्र त्यांनी टिपले आणि पुढे कित्येक वर्षे त्याच्या प्रती काढताना आकाश अधिकाधिक काळे करीत नेले. मग आमच्यावरच आक्षेप का, असे तरुण विचारतात. उत्तर सोपे आहे. कृष्णधवल चित्र रंगांविषयी कोणतेही वचन देत नाही. पाहणाऱ्याला ते भाषांतर आहे हे ठाऊक असते. रंगीत चित्र मात्र ‘हे असेच होते’ असे सांगते आणि पाहणारा त्यावर विश्वास ठेवतो.

हा विश्वास मोडल्याने काय बिघडते, हे पाहण्यासाठी बारामती तालुक्यातील सुप्याजवळच्या माळावर जावे. येथील मयूरेश्वर अभयारण्य 1997 साली घोषित झाले. क्षेत्र जेमतेम 5.14 चौरस किलोमीटर. पण चिंकाऱ्यांचे ते हक्काचे घर आहे. पावसाळा सरला, की कुसळी गवत पिवळे, मग फिकट तपकिरी होते. चिंकाऱ्याचा वर्णही तसाच. या रंगात मिसळून जाणे हेच त्याचे संरक्षण. चित्रातील पिवळा ओढून हिरवा केला, की तोच प्राणी परक्या कुरणात वाट चुकल्यासारखा दिसतो.

याच तालुक्यात नीरा डाव्या कालव्याखालचा बागायती पट्टा उसाने हिरवा असतो, तर सुप्याकडील जिरायती भाग पावसाकडे डोळे लावून बसतो. दोन रंगांत येथे पाण्याचा सारा इतिहास लिहिलेला आहे. दोन्हींना एकच हिरवा फासणारे चित्र हा इतिहास पुसते. त्याहून मोठी हानी अशी, की हिरवे तेवढेच सुंदर, ही शिकवण नकळत मनात उतरते. गवताळ माळ सरकारी दप्तरी पुष्कळदा ‘पडीक’ या सदरात जातो, तेथे झाडे लावण्याचे उत्साही बेत होतात आणि लांडगा, धाविक, चिंकारा यांचे उघडे घर आकसत जाते. ज्या जमिनीचा खरा रंग आपण चित्रातही सहन करीत नाही, तिचे रक्षण आपण प्रत्यक्षात कसे करणार?

शिकू इच्छिणाऱ्यांनी काही खुणा ध्यानी ठेवाव्यात. पाण्यातील आकाशाचे प्रतिबिंब सहसा मूळ आकाशाहून किंचित गडद असते. ते उजळ दिसू लागले, की हात सैल सुटला असे समजावे. दूरचे धुके अंतराची जाणीव देते. ते पूर्ण पुसल्यास क्षितिज अंगावर येते. पहाटेचा पिवळसर प्रकाश ‘व्हाइट बॅलन्स’च्या नावाखाली पांढरा करू नये. चित्र टिपतानाच गवताचा, पाण्याचा रंग वहीत दोन शब्दांत नोंदवावा. संस्कार झाल्यावर चित्र एक रात्र तसेच ठेवावे, सकाळी मूळ चित्राशेजारी पाहावे आणि वाढविलेला रंग निम्म्यावर आणून पाहावा. बहुधा तोच पुरेसा वाटतो.

उजनीचे धरण 1980 साली पूर्ण झाले आणि भीमाकाठची कित्येक गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले, की पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर वर येते. त्याच्या चित्रातील गाळ झाकून पाणी निळे करण्याचा मोह अनेकांना होतो. आम्ही म्हणू, तो गाळ राहू द्यावा. गाव बुडाले होते, हे सांगणारे त्या चित्रात दुसरे काहीच नाही.