पुनर्कथनाचा निकष

ग्रीक मिथके वा आर्थरकथा यांच्या पुनर्कथनांतून चांगली कादंबरी निवडताना निवेदकबदल हाच निकष मानला जातो. उपेक्षित स्त्रीला वाचा दिली की कार्य झाले, हा समज अपुरा आहे. मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्या 'द पेनेलोपियाड'मध्ये (२००५) पेनेलोपी आपली बाजू मांडते खरी. परंतु 'ओडिसी'च्या बाविसाव्या सर्गात फासावर गेलेल्या बारा दासींचे वृंदगान तिच्या निवेदनाला वारंवार छेद देते. मूळ काव्यात काही ओळींत उरकलेले ते मरण येथे पेनेलोपीलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. मॅडलिन मिलर यांच्या 'सर्सी'त (२०१८) निवेदिकेला असा प्रतिप्रश्न करणारे कोणी नाही. म्हणूनच ती अधिक सुबक आणि कमी अस्वस्थ करणारी वाटते.

टी. एच. व्हाइट यांनी 'द वन्स अँड फ्यूचर किंग'मध्ये (१९५८) निवेदक न बदलताही हे साधले. त्यांचा मर्लिन काळात उलटा जगतो. विसावे शतक त्याने पाहिलेले आहे. बळाला न्यायाच्या सेवेस जुंपण्याचा आर्थरचा प्रयत्न त्यामुळे प्रारंभापासूनच शोकात्म होतो. अखेरच्या रात्री आर्थर आपली कथा ज्या पोरसवदा हुजऱ्याच्या हवाली करतो, तो टॉम म्हणजे मूळ कथाकार मॅलरीच.