दिवा, दोरा आणि नळी

'जर्नल ऑफ पीडिॲट्रिक सर्जरी'त १९८० साली क्लीव्हलंडच्या गॉडरर, पॉन्स्की आणि आयझंट या डॉक्टरांचा एक छोटा लेख आला. विषय होता, पोट न उघडता जठरात अन्नाची नळी बसवणं. तोवर यासाठी चिरा, टाके आणि बहुधा पूर्ण भूल लागायची. ज्यांना नळीची गरज जास्त, त्यांनाच ते सोसणं सर्वांत अवघड. आज 'पेग' म्हणतात ती हीच रीत.

तिची गंमत क्रमात आहे. तोंडावाटे दुर्बीण जठरात जाते आणि हवा भरली जाते. जठर फुगून पोटाच्या भिंतीला टेकतं. मग खोलीतले दिवे मंद करायचे. दुर्बिणीचा उजेड कातडीतून लालसर दिसतो. तिथे बाहेरून बोट दाबलं की आतून खळगा दिसतो. मला हीच पायरी सर्वांत देखणी वाटते, कारण ती थांबायलाही शिकवते: उजेड दिसला नाही, तर मध्ये आतडं किंवा यकृत असू शकतं, सुई घालायची नाही.

पुढचं काम लेंग्यात नाडी ओवण्यासारखं. जागा बधिर करून सुई आत, सुईतून दोरा. दुर्बिणीचा फास तो पकडून तोंडाबाहेर आणतो. त्याला नळी बांधायची आणि पोटाकडचं टोक ओढायचं. नळी घशातून जठरात आणि तिथून पोटाबाहेर येते; तिचं छत्रीसारखं टोक आत अडकतं. त्या पहिल्या नळ्या डी पेझर कॅथेटरच्या होत्या, म्हणजे वॉर्डात आधीपासून असलेल्या वस्तूच्या. नवी होती ती फक्त जुळणी.

दोष आहेच. नळी तोंडातून येते, तोंडातले जंतू जखमेपर्यंत आणते. म्हणून आधी प्रतिजैविकाचा डोस देतात.

नाकातून जठरात जाणारी रायल्स ट्यूब मात्र अगदी साधी. पलंगावरच घालता येते, काही आठवड्यांचा प्रश्न असेल तेव्हा तीच योग्य. पक्षाघातानंतर गिळणं परत येईल अशी आशा असते तेव्हा प्रथम तीच. चार-सहा आठवड्यांपलीकडे गरज दिसली, की पेगचा विचार. जठर रिकामंच होत नसेल, तर नळीचं टोक पुढे लहान आतड्यात न्यावं लागतं.

पण रीत सोपी झाली की ती नको तिथेही वापरली जाते. शेवटच्या टप्प्यातल्या स्मृतिभ्रंशात पेगमुळे आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो, असं दिसलेलं नाही. तिथे जाणकार संस्था हाताने, सावकाश भरवण्याचा सल्ला देतात. तेव्हा संमतिपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा: नळी किती दिवसांसाठी, आणि ती कधी काढायची?