आडवाटेचा चीन

चीन म्हटले की भारतीय वाचकाच्या मनात बहुधा दोनच चित्रे उभी राहतात. एक ह्युएनत्संगाचे, दुसरे १९६२ सालचे. पहिल्यात आदर आहे, दुसऱ्यात सल आहे. हाडामांसाचा चिनी माणूस मात्र दोहोंतही नाही. ही उणीव भरून काढणाऱ्या मोजक्या भारतीय ग्रंथांत विक्रम सेठ यांच्या ‘फ्रॉम हेवन लेक’ या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी प्रवासवर्णनाला आम्ही फार वरचे स्थान देतो.

नानकिंग विद्यापीठात शिकत असलेले सेठ १९८१ च्या उन्हाळ्यात परदेशी विद्यार्थ्यांच्या एका आखीव सहलीबरोबर सिंक्यांगात गेले. पुढे सहलीची साथ सोडून, वाटेत मिळेल त्या ट्रकने, गोलमुडवरून ते ल्हासास पोहोचले आणि नेपाळमार्गे दिल्लीस परतले. परदेशी माणसाला गावोगावच्या प्रवासासाठी पोलिसांचा परवाना लागे, असा तो काळ होता.

या परवान्याची हकीकत आम्हां कचेरीतल्या माणसांना विशेष रुचावी. तुर्फानच्या एका संगीतसभेत सेठ यांनी ‘आवारा’ चित्रपटातले शीर्षकगीत म्हटले. तेथील वादकांना ते ठाऊकच होते. त्यानंतर पोलीस कचेरीत त्यांच्या परवान्यावर ल्हासाचे नाव चढले. गाण्याचा त्यात काहीच वाटा नसेल, असे मानणे आम्हांला कठीण जाते. शिक्का मारणारा हातही माणसाचाच असतो, हे आयुष्यभर फायली हाताळणाऱ्यांना निराळे सांगावयास नको.

तथापि ग्रंथाचे खरे मोल या गमतीत नाही. ते ट्रकमध्ये आहे. अखंड सिगारेट ओढणारा ड्रायव्हर स्वी, त्याचा तरुण भाचा आणि एक तिबेटी सहप्रवासी यांच्या संगतीत लेखकाचे कित्येक दिवस जातात. पाच हजार मीटरहून उंच असलेली तांगुला खिंड, विरळ हवा, दुखणारे डोके, आणि त्यातच चाललेल्या गप्पा व थट्टा. चिनी संस्कृती म्हणून आपण ज्याचा शोध घेतो ते लेखकाला कुठल्या राजवाड्यात न गवसता या अरुंद जागेत गवसते: पाहुण्याची काळजी घेण्याची रीत, बोलण्यातला आडपडदा, कंटाळा सोसण्याची तयारी. आणि हे सारे उलगडते ते लेखकाला चिनी बोलता येते म्हणून. परवान्याने रस्ता खुला झाला. माणसे खुली झाली ती भाषेमुळे.

ग्रंथाचा समतोलही वाखाणण्याजोगा आहे. सर्वसामान्यांच्या अन्नवस्त्राची व आरोग्याची जी सोय चीनने लावली, तिचे श्रेय लेखक मोकळेपणाने देतो. सांस्कृतिक क्रांतीने मठांचा आणि माणसांचा जो विध्वंस केला, तोही झाकीत नाही.

दोष एकच, पण तो लहान नव्हे. सेठ ज्या प्रदेशांतून जातात ते विगूरांचे आणि तिबेटी लोकांचे आहेत, आणि संवादाचे माध्यम मात्र चिनी आहे. ल्हासातील यजमान आपले दुःख परक्या भाषेत सांगतात आणि लेखक ते परक्या भाषेतच ऐकतो. जी भाषा स्वीच्या मनाचे दार उघडते, तीच येथे दार अर्धवट लोटून घेते. या अडचणीचा विचार लेखकाने अधिक खोलवर करावयास हवा होता.

आणखी एक आक्षेप संभवतो. गोलमुड ते ल्हासा रेल्वे २००६ साली सुरू झाली. मग या आडवाटेचे नवल ते काय उरले? आमचे उत्तर असे, की नवल वाटेचे कधी नव्हतेच. स्वीच्या शेजारी बसून त्याच्या भाषेत त्याचे ऐकून घेण्याची वाट आजही तितकीच ओस आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेथली भाषा शिकले, तेथेच संसार मांडला आणि १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. चीनमध्ये त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्यामागे त्यांची सेवा तर आहेच; पण रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलणाऱ्या डॉक्टरचा जिव्हाळाही आहे.

हा ग्रंथ आमच्या वाचकांनी अवश्य वाचावा, असे आम्ही म्हणतो ते केवळ चीनसाठी नव्हे. बदलीच्या गावी दहा-दहा वर्षे काढूनही तेथल्या भाषेत भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापलीकडे ज्यांची मजल गेली नाही, असे आपल्यात थोडे नाहीत. रजाप्रवासाची सवलत घेऊन आपण दूरदूरची देवळे पाहून येतो. शेजारच्या बिऱ्हाडाचा उंबरा मात्र ओलांडायचा राहून जातो. सेठ यांचा ट्रक ल्हासाच्या वाटेवर आहे खरा. पण त्यात बसण्यासाठी प्रत्येकाने ल्हासास जावयास हवे, असे मुळीच नाही.