ऐतिहासिक युद्धखेळांतील कथारचना : कर्ता, क्रियापद आणि पराभव

ऐतिहासिक युद्धांवरील व्हिडिओ गेममध्ये 'स्टोरी मोड' या नावाने जो भाग असतो, तो वस्तुतः कथनाचाच एक प्रकार होय. आणि कथन म्हटले की कर्ता कोण, क्रियापद कोणत्या अर्थाचे व शेवट कोणाच्या हाती, हे प्रश्न अटळ ठरतात.

या दृष्टीने २००७ साली निघालेला 'एज ऑफ एम्पायर्स ३ : द एशियन डायनॅस्टीज' हा खेळ अभ्यसनीय आहे. त्यातील हिंदुस्थानविषयक कथामालिकेत पाच प्रसंग असून विषय १८५७ च्या उठावाचा आहे. कंपनीच्या सैन्यातील नानिब साहिर हा अधिकारी कर्नल एडवर्डसनच्या जुलमास विटून बंडवाल्यांस मिळतो. दोन्ही पात्रे कल्पित आहेत. 'नानासाहिब' या नावातील ध्वनींची उलटापालट करून नायकाचे नाव घडविले असावे, असा तर्क सहज संभवतो. 'साहिर' हे पद उर्दूत परिचित आहे. 'नानिब' मात्र मराठी नामपरंपरेस अपरिचित होय. या नामांतराचा कथेला लाभ होतो. नानासाहेब पेशव्यांस नेपाळच्या तराईत परागंदा व्हावे लागले. नानिबला एडवर्डसनचा पाडाव करण्यास इतिहासाची आडकाठी राहत नाही.

याचे मूळ खेळाच्या व्याकरणात आहे. 'किल्ला घ्या', 'तळ राखा' असा त्याचा आज्ञार्थी व्यवहार असतो. आज्ञार्थाला भूतकाळ नाही. म्हणून पराभव ही घटना न ठरता केवळ पुन्हा खेळावयाची सूचना ठरते. याउलट 'भाऊसाहेबांची बखर' पाहावी. पानिपतचा शेवट वाचकास आधीच ठाऊक असतो. त्यामुळे त्याचे लक्ष 'काय झाले' याकडून 'कसे ओढवले' याकडे वळते.

कर्त्याचा प्रश्न तर अधिकच बिकट आहे. पूर्वी परभणी जिल्ह्यात असलेले आणि १९९९ पासून स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झालेले हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंटचे ठाणे होते. याच फौजेतील घोडदळाच्या एका पलटणीने जून १८५७ मध्ये औरंगाबादेस बंड केले. आणि याच फौजेच्या इतर तुकड्या १८५८ मध्ये सर ह्यू रोझ याच्या मध्य हिंदुस्थानातील मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने लढल्या. एकाच फौजेतील शिपाई दोन बाजूंस का गेले, हा मराठवाड्याच्या इतिहासातील खरा प्रश्न होय. एक नायक व एक खलनायक एवढ्यावर उभारलेल्या रचनेत त्याला जागाच उरत नाही.

खेळणाऱ्याच्या हाती कृती द्यावयाची म्हणजे इतिहास वाकवावाच लागतो, असा यावर आक्षेप संभवतो. तो टिकत नाही. याच मालेतील १९९९ च्या 'एज ऑफ एम्पायर्स २' मध्ये जोन ऑफ आर्कची कथा एक सैनिक सांगतो. पाचव्या प्रसंगी खेळणारा काँपिएन्यला पोहोचून जिंकतो, आणि तरीही जोन शत्रूच्या हाती सापडते. अखेरचा प्रसंग तिच्यावाचून लढावा लागतो. येथे कृती खेळणाऱ्याची असली, तरी परिणाम इतिहासाचा राहतो. आज्ञार्थाला भूतकाळी निवेदकाची जोड मिळाल्याने हे साधले आहे.

तात्पर्य, दोष माध्यमाचा नसून रचनेचा आहे. १८५७ च्या कथेला बदललेल्या नावाचा नायक नको होता. दोन्हीकडच्या शिपायांना ओळखणारा निवेदक हवा होता.