ग्रंथसूचीचीं महाजाल-पानें : एक परीक्षण

शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा पहिला खंड 1943 सालीं निघाला, त्यांत इ. स. 1800 ते 1937 पर्यंतच्या ग्रंथांची नोंद आहे. आतां अशा याद्या ‘बिब्‌टेक’ या 1985 सालच्या पद्धतीनें भरून त्यांवरून महाजालावरील पानें यंत्रानेंच तयार करितां येतात. सोय मोठी खरी. परंतु संग्राहकांनीं दोन दोष ध्यानांत घ्यावेत.

पहिला, ही पद्धति नांवाचा अखेरचा शब्द आडनांव समजते. त्यामुळें ज्यांनीं शिराळ्यास मारुति स्थापिला ते ‘समर्थ रामदास स्वामी’ ‘स्वामी’खालीं जातात. मुख्य नांव आधीं लिहून पुढें स्वल्पविराम द्यावा, म्हणजे हा दोष टळतो.

दुसरा अधिक घातक. वर्षाच्या रकान्यांत नुसतें ‘1800’ लिहिलें तर तो शक कीं सन, हें यंत्रास कळत नाहीं. शके 1800 म्हणजे इ. स. 1878-79, असा ग्रंथ 1857 सालच्या ग्रंथाच्या आधीं जाऊन बसतो. सबब क्रमासाठीं सन द्यावा, पण मूळ शक निराळ्या रकान्यांत जसाच्या तसा राखावा. तो पुसून टाकणें आम्हांस मान्य नाहीं; महिना दिलेला नसतां 78 मिळवावे कीं 79, हा निर्णय अभ्यासकाचा आहे, यंत्राचा नव्हे.